बँकेचे अनाहूत फोन व शेतकऱ्याची संमति

कापसाचा हंगाम सरत आला म्हणजे वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या खात्यांत वर्षांतून एकदांच जी रक्कम येते, तिच्यावर साऱ्या घराची दृष्टि लागलेली असते. सोसायटीचें देणें, मजुरीची बाकी, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि कांहीं उरल्यास पुढील पेरणीचें बियाणें, असा त्या रकमेचा हिशेब ती हातीं येण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो. आणि नेमक्या याच दिवसांत त्याच्या खिशांतील फोन वाजूं लागतो.

दर्यापूर तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं गेल्या हंगामांत अकोटच्या बाजारांत कापूस विकला. रक्कम बँकेंत जमा होऊन तीन दिवस झाले नाहींत, तोंच, ते हरभऱ्याच्या सोंगणीवर असतां, त्यांस एका बाईंचा फोन आला. बाईंनीं त्यांस नांवानें संबोधिलें, बँकेचें नांव सांगितलें, आणि "आपल्या खात्यांत इतकी रक्कम नुसती पडून आहे, तिच्यावर चांगला लाभ देणारी योजना आमच्याकडे आहे," असें म्हणून रकमेचा आंकडाहि जवळजवळ बरोबर सांगितला. गृहस्थांनीं नकार दिला. पुढील आठ दिवसांत त्यांस असेच आणखी चार फोन आले. एक विम्याचा, एक ट्रॅक्टरच्या कर्जाचा, एक सोनेतारणाचा. आणि शेवटच्या माणसानें तर "आपलें खातें बंद पडत आहे," असें भय घालून कार्डावरील क्रमांक व ओटीपी मागितला. गृहस्थ सावध, म्हणून बचावले. परंतु या पांच फोनांपैकीं किती खरोखर बँकेचे होते आणि किती लुच्च्यांचे होते, हें त्यांस आजतागायत कळलेलें नाहीं. आम्हांस त्यांनीं एवढेंच विचारलें, "जो आंकडा मीं माझ्या सख्ख्या भावासहि सांगितला नव्हता, तो त्या बाईस कोणीं सांगितला?"

या एका प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें मत प्रारंभींच सांगून टाकतों. या उपद्रवाचें मूळ फोनांत नाहीं. तें बँकेच्या बाकावर बसून आपण न वाचतां केलेल्या सहींत आहे, आणि त्यावरील उपायहि तेथेंच केला पाहिजे.

कोणी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला? नको असलेला फोन उचलूं नये, किंवा उचलून ठेवून द्यावा, म्हणजे झालें. शहरांतील नोकरदारास हा उपाय कदाचित् पुरेसा असेल. शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. पंचनाम्यास येणारा सरकारी नोकर, अनुदानाच्या याद्या तपासणारा कारकून, मालाचा भाव कळविणारा अडत्या, खताची गाडी आणणारा चालक, हे सारे त्यास अनोळखी क्रमांकांवरूनच बोलावतात. अनोळखी फोन न घेण्याचें त्यानें व्रत घेतलें, तर त्याचीं अर्धीं कामें खोळंबतील. म्हणून तो प्रत्येक फोन घेतो. आणि ज्याच्या कानावर दररोज चार वेळां "मी बँकेंतून बोलत आहें" हे शब्द पडतात, तो पांचव्या वेळीं तेच शब्द उच्चारणाऱ्या ठकास ओळखण्यास असमर्थ होतो. बँकांच्या विक्रीच्या फोनांनीं होणारी खरी हानि ही आहे. आपला वेळ गेला हें नुकसान लहान. खऱ्याखोट्याची खूण पुसली गेली हें मोठें.

आतां ही माहिती बाहेर जाते कशी, तें पाहूं.

पहिली वाट आपल्याच हातची आहे. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठीं आपण बँकेंत जातों. मृग जवळ आलेला, बियाण्याची सोय व्हावयाची, मागें माणसांची रांग उभी. अशा वेळीं कारकून कागदांचा गठ्ठा पुढें ओढतो आणि "येथें सही, येथें सही, येथें अंगठा," असें बोट ठेवून दाखवीत जातो. त्या गठ्ठ्यांत बारीक इंग्रजी अक्षरांत पुष्कळदां एक कलम असतें. त्याचा भावार्थ असा, कीं माझी माहिती बँकेनें आपल्या संलग्न कंपन्यांस, विमा कंपन्यांस व अन्य भागीदारांस द्यावी, आणि त्यांनीं मला आपल्या योजना कळवाव्यात, यास माझी हरकत नाहीं. आपण कर्जासाठीं सही करतों; कागद मात्र दोन गोष्टींवर झालेली सही दाखवितो. पुढें फोन आला आणि आपण तक्रार केली, म्हणजे हाच कागद आपल्यापुढें धरला जातो.

दुसरी वाट हस्तकांची. बँकेच्या नांवानें बोलणारा प्रत्येक मनुष्य बँकेचा नोकर असतोच असें नाहीं. फोन करण्याचें काम बाहेरच्या कंपन्यांकडे ठेक्यानें दिलेलें असतें, त्यांच्याखालीं दलाल असतात, आणि एका हातांतून दुसऱ्या हातांत याद्या जातांना त्या कोठें थांबतात याचा पत्ता लागत नाहीं. काम बाहेर दिलें तरी जबाबदारी बँकेचीच राहते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण यादी एकदां निसटली, कीं जबाबदार कोण हें सिद्ध करणें सामान्य खातेदाराच्या आवांक्याबाहेरचें होतें.

तिसरी वाट उघड चोरीची. मार्च २०२३ मध्यें हैद्राबादजवळील सायबराबाद पोलिसांनीं एक टोळी पकडली. तिच्याजवळ सुमारे १६ कोटी ८० लाख व्यक्ति व संस्थांची माहिती विक्रीसाठीं होती, असें पोलिसांनीं त्या वेळीं जाहीर केलें. त्यापूर्वीं मार्च २०२१ मध्यें पुण्याच्या पोलिसांनीं बराच काळ व्यवहार न झालेल्या बँकखात्यांची गुप्त माहिती विकूं पाहणारे लोक पकडले. त्या खात्यांत एकूण २०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. माहिती ही आतां तुरीसारखी वा सरकीसारखी बाजारांत येणारी वस्तु झाली आहे. तिला भाव आहे, दलाल आहे, गिऱ्हाईक आहे. नाहीं तो फक्त मूळ मालकाचा वांटा, आणि त्याचा होकार.

चौथी वाट फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांची. ॲप फोनांत उतरवितांना "परवानगी द्या" या अक्षरांवर आपण बोट ठेवतों, आणि कांहीं ॲपें फोनांतील सारीं नांवें व छायाचित्रें वाचूं लागतात. पुढें हप्ता चुकला, तर सोयऱ्याधायऱ्यांस फोन जातात आणि अब्रूचा पंचनामा होतो. २ सप्टेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें अशा ॲपांस ग्राहकाच्या फोनांतील नांवांची यादी व बोलण्यांची नोंद वाचण्यास मनाई केली. नियम चांगला आहे. परंतु जीं ॲपें मुळांतच बेकायदा आहेत, त्यांस नियमाचें भय तें कसलें?

या चार वाटांपैकीं शेवटच्या तीन बंद करणें पोलिसांचें व सरकारचें काम आहे. पहिली मात्र आपण बंद करूं शकतों, आणि ती बंद केल्यावांचून बाकीच्यांविरुद्ध आपली तक्रार बळकट होत नाहीं. ज्यानें स्वतःच "हरकत नाहीं" असें लिहून दिलें, त्याच्या हरकतीस कोण विचारणार?

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. पुष्कळ शेतकरी म्हणतात, "आमच्याजवळ लपविण्यासारखें आहे तरी काय? आमचा सातबारा तर कोणीहि संगणकावर पाहूं शकतो." हें खरें आहे, आणि सातबारा सर्वांस खुला आहे तो जमिनीच्या मालकींत फसवणूक होऊं नये म्हणून. बँकेंतील खात्याची गोष्ट तशी नाहीं. आपल्या हातांत पैसा केव्हां आहे आणि केव्हां नाहीं, हें ज्यास ठाऊक, तो आपली नड ओळखतो. आणि जो नड ओळखतो, तो भाव ठरवितो. जून महिन्यांत खातें रिकामें दिसलें कीं महागडें कर्ज पुढें करावयाचें, आणि जानेवारींत तें भरलेलें दिसलें कीं वीस वर्षें हप्ते भरण्याची विम्याची योजना ठेव म्हणून गळ्यांत बांधावयाची, हें त्यास सहज साधतें.

जुन्या सावकाराचें बळ तरी दुसरें काय होतें? त्याच्या पैशापेक्षां त्याची माहिती मोठी होती. कोणाच्या घरीं लग्न निघालें, कोणाचा बैल मेला, कोणाचें पीक बुडालें, हें त्यास घरबसल्या कळे, आणि त्याच्या वहींत काय लिहिलें आहे तें ऋणकोस मात्र कधींच कळत नसे. म्हणूनच सावकारीच्या नियमनाचे जे जे कायदे झाले, त्यांत ऋणकोस हिशेबाचा उतारा मिळावा या गोष्टीवर भर दिलेला आढळतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यांतहि ती तरतूद आहे. तथापि सावकार निदान गांवचा होता. त्यास चार माणसांत बोलावितां येई, लाज घालतां येई. आजचा माहितगार कोणत्या शहरांत बसला आहे, त्याचें नांव काय, त्याच्याजवळ आपल्याविषयीं काय काय लिहून ठेवलें आहे, यांतील कांहींच आपणांस ठाऊक नाहीं. वही तीच आहे. धनी मात्र अदृश्य झाला आहे.

कायदा या बाबतींत काय म्हणतो? तो आपल्या विरुद्ध नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. डिसेंबर २०१४ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकेच्या ग्राहकांच्या हक्कांची जी सनद प्रसिद्ध केली, तींत पांच हक्क सांगितले असून चौथा हक्क खाजगीपणाचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं न्या. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर एकमतानें असा निर्णय दिला, कीं खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ सालीं व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि बँकांसारख्या संस्थांवरील मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे मे २०२७ मध्यें, अमलांत यावयाचीं आहेत.

या कायद्याचें सार शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. आपण शेजाऱ्यास दोन दिवसांच्या वखरणीसाठीं बैलजोडी दिली. त्यानें ती आपणांस न विचारतां तिसऱ्याच्या गाडीस भाड्यानें लावली, तर "बैल तर तुम्हींच दिले होते," हें त्याचें उत्तर गांवांत कोणी ऐकून घेईल काय? ज्या कामासाठीं दिली, त्याच कामासाठीं वापरावयाची, हा उसनवारीचा धर्म आहे. आणि माहितीच्या बाबतींत नव्या कायद्यानें हाच धर्म सांगितला आहे. संमति मोकळ्या मनानें, समजून, विशिष्ट कामापुरती व बिनशर्त दिलेली असली पाहिजे. ती मागतांना दिली जाणारी सूचना मराठीसह घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत मिळण्याची सोय असली पाहिजे. आणि ती देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असलें पाहिजे.

कायद्यांतील उणीवहि झांकून ठेवूं नये. माहितीची राखण न करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊं शकेल; पण तो दंड सरकारी तिजोरींत जमा व्हावयाचा आहे. ज्याची माहिती गेली त्या खातेदारास भरपाई मिळण्याची तरतूद या कायद्यांत नाहीं. यावरून एवढेंच शिकावयाचें, कीं माहिती गेल्यावर न्याय मागण्यापेक्षां ती जाऊं न देणें शेतकऱ्यास अधिक स्वस्त पडेल.

फोनांविषयींचे नियम निराळे आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१० मध्यें व पुन्हां २०१८ मध्यें अनाहूत व्यापारी फोन व संदेश यांसंबंधीं नियम केले. १९०९ या क्रमांकावर आपली नोंद केली, म्हणजे संमति नसतां विक्रीचा फोन करणें नियमबाह्य ठरतें. विक्रीचे फोन १४० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, आणि बँकेच्या प्रत्यक्ष व्यवहारासंबंधींचे फोन १६०० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असें रिझर्व्ह बँकेनें १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानें बँकांस बजावलें. १६०० चे क्रमांक वापरण्यास प्राधिकरणानें व्यापारी बँकांस १ जानेवारी २०२६ व सहकारी बँकांस १ मार्च २०२६ ही मुदत घालून दिली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनें तक्रारीची मुदतहि तीन दिवसांवरून सात दिवसांवर आणली आहे. लोकांनीं केलेल्या तक्रारींवरून एका वर्षांत २१ लाखांहून अधिक क्रमांक तोडले, असें प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर केलें.

एवढें असूनहि फोन थांबत नाहींत. कां थांबत नाहींत? एक तर, दलाल साध्या दहा आंकडी क्रमांकांवरून बोलतात; एक क्रमांक तुटला कीं दुसरा घेतात. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. १९०९ वर नोंद असली, तरी "या ग्राहकानें आम्हांस स्वतंत्र संमति दिली आहे," असें बँक म्हणूं शकते. आणि ती संमति म्हणजे वर सांगितलेला, न वाचतां सही केलेला कागद. कागदावरील अशा संमतीचा खरेखोटेपणा पडताळण्याचें साधन नाहीं, हें प्राधिकरणासहि पटलें आहे. म्हणूनच जून २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेच्या सहकार्यानें ११ बँकांस घेऊन संमतीची नोंद संगणकावर, ग्राहकास पाहतां व रद्द करतां येईल अशा रीतीनें ठेवण्याचा प्रयोग सुरू करण्यांत आला. कोणत्याहि बाजूनें गेलों तरी आपण पुन्हां त्या सहीपाशींच येऊन पोंचतों.

वऱ्हाडास हा धडा नवा नाहीं. आपल्या कापसाच्या बाजारांत पूर्वीं दलाल व व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि माल ज्याचा तो शेतकरी बाजूस उभा राहून रुमालाकडे पाहत असे. वजनमापाचीहि तीच तऱ्हा होती. सन १८८६ मध्यें कारंजा येथील बाजार हैद्राबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमानें नियमाखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील नियंत्रित बाजारांचा आरंभ आपल्याच मातींत झाला, याचा आपणांस अभिमान असावा. परंतु त्या कायद्यानें नेमलेल्या समित्यांत प्रारंभीं व्यापाऱ्यांचेंच वजन अधिक होतें, आणि पिकविणाऱ्याचा शब्द तेथें पोंचण्यास बराच काळ लागला. कायदा झाला म्हणून रुमाल आपोआप उचलला जात नाहीं. ज्याचा माल, त्यानें "भाव उघड बोला" असा आग्रह धरावा लागतो. आज आपल्या माहितीचा व्यवहार असाच रुमालाखालीं चालला आहे.

बँकांची बाजूहि ऐकून घेऊं. त्या म्हणतात, शेतकऱ्यापर्यंत कर्ज, विमा व बचतीच्या योजना पोंचवावयाच्या, तर त्यास सांगावयास नको काय? आम्हीं फोन केला नाहीं, तर तो पुन्हां खाजगी सावकाराच्या दारीं जाईल. यांत तथ्य आहे. संस्थात्मक कर्ज गांवोगांव पोंचावें ही तर आमचीच मागणी आहे. पण सांगण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. शाखेंत मराठी फलक लावावा, सोसायटीच्या सभेंत येऊन योजना समजावून द्यावी, ग्रामसभेंत पत्रकें वांटावीं. तेथें चार माणसें ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि विमा हा विमा आहे, ठेव नव्हे, हें तेथल्या तेथें उघड होतें. एकट्या माणसास शेतांत गांठून, त्याच्या खात्यांतील आंकडा त्यासच ऐकवून केलेली विक्री ही ग्राहकसेवा नव्हे. शाखेंतील कारकुनावरहि आमचा राग नाहीं. तो आपल्याच कोणाचा मुलगा असतो. अमुक महिन्यांत अमुक इतके विमे खपविलेच पाहिजेत, हा हुकूम त्याला वरून आलेला असतो. दोष त्या हुकुमाचा आहे.

हा प्रश्न पुढें अधिक बिकट होणार आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रांत कृषि खात्याच्या योजनांसाठीं शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. या क्रमांकाशीं जमीन, आधार व पीक यांची माहिती जोडलेली आहे. आणि कर्ज लौकर मिळावें म्हणून ती शेतकऱ्याच्या संमतीनें बँकांस पाहतां यावी, असा या योजनेचा रोख आहे. त्यांत सोय आहे; हेलपाटे वांचतील, कागद कमी लागतील. पण जितक्या गोष्टी एका दोरीत ओवल्या जातात, तितकी ती दोरी कोणाच्या हातीं जाते याची काळजी अधिक घ्यावी लागते. आज एका सहीनें एका खात्याची माहिती जाते. उद्यां एका बोटानें साऱ्या शेताची जाईल.

तेव्हां करावें काय? प्रथम प्रत्येकानें स्वतः करावयाच्या गोष्टी. नव्या कर्जाच्या वेळीं किंवा केवायसीच्या वेळीं माहिती इतरांस देण्याचें कलम कोठें आहे तें विचारावें, आणि त्यावर काट मारून शेजारीं सही करावी; कलम छापील असल्यामुळें तसें करूं देत नसतील, तर "विक्रीसाठीं माहिती देण्यास माझी संमति नाहीं," असा दोन ओळींचा अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. पूर्वीं सही केली असली तरी हा अर्ज आजहि देतां येतो. पीकविमा खरीप २०२० पासून कर्जदारासहि ऐच्छिक आहे, आणि कर्जासोबत दुसरा कोणताहि विमा घेणें सक्तीचें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. १९०९ वर नोंद करावी. फोन आला तर क्रमांक, दिवस व वेळ वहींत टिपून सात दिवसांच्या आंत तक्रार करावी. बँकेनें लेखी तक्रारीचें समाधान तीस दिवसांत केलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते; चौकशीसाठीं १४४४८ हा क्रमांक आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाहि या लोकपालाच्या कक्षेंत आल्या आहेत. गांवची सेवा सहकारी सोसायटी मात्र त्यांत नाहीं. तिच्याविषयींची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी.

ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागणारा फोन आला, तर तो ठकाचाच समजावा. खरी बँक तो फोनवर मागत नाहीं. पैसे गेलेच, तर लाजेस्तव गप्प बसूं नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेंत कळवावें. आपल्या चुकीवांचून तिसऱ्यानें पैसे काढले असतील व तीन कामाच्या दिवसांत कळविलें असेल, तर नुकसानीचा भार खातेदारावर पडूं नये, असें तत्त्व रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें घालून दिलें. परंतु ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतची हानि आपल्याच माथीं येते. म्हणून येथें विलंब म्हणजे नुकसान.

मात्र एकेकट्यानें कलम खोडणें पुरेसें नाहीं. रांगेंत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास "खोडलें तर कर्ज मिळणार नाहीं," असें सांगितलें, कीं तो सही करून मोकळा होतो. मृग कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून ही मागणी संस्थेच्या तोंडून झाली पाहिजे. आमच्या मतें ती चार कलमांत सांगतां येईल. विक्रीसंबंधीं संमतीचा कागद कर्जाच्या कागदांपासून वेगळा, एका पानाचा व मराठींत असावा. त्यावर "नाहीं" लिहिल्यामुळें कर्ज अडविलें जाणार नाहीं, हें त्याच कागदावर छापलेलें असावें. दिलेली संमति शाखेंत एका अर्जानें परत घेतां यावी व तिची पोंच मिळावी. आणि बँकेचे खरे फोन कोणत्या क्रमांकांवरून येतात, तें प्रत्येक शाखेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असावें.

या गोष्टींस मे २०२७ ची वाट पाहण्याचें कारण नाहीं. मोठ्या व्यापारी बँका मुंबईच्या हुकुमानें चालतात, त्या आपलें लगेच ऐकतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अमरावती व अकोला येथील जिल्हा मध्यवर्ती बँका आपल्या सोसायट्यांच्या बळावर उभ्या आहेत, आणि त्यांच्या संचालक मंडळांवर बसणारे लोक आपल्यांतूनच निवडले जातात. आरंभ तेथून व्हावा. प्रत्येक सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत होते. त्या सभेंत बहुतेक ठिकाणीं अहवाल वाचला जातो, चहा होतो आणि लोक घरीं जातात. यंदा वरील चार कलमांचा ठराव मांडावा, तो बहुमतानें संमत करून जिल्हा बँकेकडे पाठवावा, आणि पुढील वर्षीं त्याचें काय झालें हें त्याच सभेंत विचारावें.

शेवटीं वाचकांस एक विनंति. आपल्या बँकेंत पीककर्जासाठीं जे छापील नमुने सहीस येतात, त्यांची एक कोरी प्रत मागून घ्यावी व आमच्या संस्थेकडे पाठवावी; स्वतःचें नांव, खातें क्रमांक वा आधार क्रमांक तींत लिहूं नये. निरनिराळ्या बँकांचे नमुने एकत्र करून, कोणत्या कागदांत कोणतें कलम कोठें दडलें आहे, तें पुढील खरिपाच्या कर्जाच्या दिवसांपूर्वीं मराठींत छापण्याचा आमचा मानस आहे. ज्या कलमावर आपण इतकीं वर्षें सही करीत आलों, तें निदान एकदां वाचून पाहूं.